छपराखालची छत्री

आमच्या घराण्यात एक नियम आहे. येणाऱ्या माणसाला घ्यायला कुणीतरी गेलंच पाहिजे. मग तो जावई असो, नाहीतर शेजारणीच्या दिराचा चुलत साडू असो. गाडी यायच्या कितीतरी आधी आमच्यातलं एक माणूस स्टेशनवर हजर, आणि तेही छत्री उघडून. पाऊस नसला तरी, ऊन नसलं तरी, वर स्टेशनचं भलंमोठं छप्पर असलं तरी. आपल्यासाठी कुणी उभं आहे हे येणाऱ्याला लांबून दिसावं म्हणून. लहानपणी मला या छत्रीची इतकी लाज वाटायची की मी दोन हात लांब उभी राहून कुणा दुसऱ्याचीच मुलगी असल्यासारखी इकडेतिकडे बघायचे. हमाल हसायचे. "गळतंय का हो बाई इथं?" विचारायचे. आत्या मान न वळवता म्हणायची, "हसू दे. ज्याला घ्यायला कधी कुणी आलं नाही ना, तोच हसतो."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. घराण्याची लाँड्री सांभाळली आणि मला सांभाळलं. आई गेली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते, आणि वडील नोकरीपायी बारा गावचं पाणी पीत हिंडत होते. तेव्हापासून आत्याचंच घर ते माझं घर आणि लग्नानंतर तेच माहेर. गरम इस्त्रीखालच्या ओलसर सुती कापडाचा वास आला की मला आईची आठवण येते, आणि मग लक्षात येतं की ही आठवण आईची नाहीच, आत्याची आहे.

छत्रीच्या नियमामागे पणजीची गोष्ट होती. आत्या ती इस्त्री करता करता सांगायची. शर्टाची कॉलर आली की गोष्टीतली बोट निघायची आणि बाह्या होईतो धक्क्याला लागायची.

पणजी म्हणजे आत्याची आजी. समुद्रापलीकडून आली. कडेला तान्हं बाळ, तेच पुढे माझे आजोबा झाले. पणजोबा आधीच इकडे कामाला आलेले. बोट धक्क्याला लागली, माणसांचा नुसता पूर, तिला इथली भाषा येईना, कुणी धड सांगेना, सामान कुठं, दार कुठं. आणि तेवढ्यात त्या गर्दीत एक छत्री उघडी दिसली. ऊन नाही, पाऊस नाही, आणि छत्री! छत्रीखाली पणजोबा.

"बस्स," आत्या इस्त्री उभी करून म्हणायची. "त्या क्षणाला ती इथली झाली. घ्यायला माणूस आलं की परकं गाव परकं राहत नाही."

हे वाक्य ऐकत मी वाढले. म्हणूनच पुढचं सगळं जड गेलं.

माझा नवरा गाळ काढणाऱ्या बोटीवर काम करतो. बंदराच्या तोंडाशी सारखा गाळ साचतो, तो उपसला नाही तर मोठी जहाजं आत येऊ शकत नाहीत. गाळ काही सुट्टी घेत नाही, त्यामुळे हाही घेत नाही. त्याची बदली या बंदराच्या गावी झाली तेव्हा मी बाळंतपणाला आत्याकडे होते. लेक दोन महिन्यांची झाल्यावर आम्ही दोघी गाडीत बसलो. लेकीला आम्ही ढमी म्हणतो, कारण ती आहेच तशी. आत्याने ट्रंक, पिशव्या, ढमी आणि मी असे चार नग मोजून गाडीत चढवले आणि खिडकीतून शेवटचं सांगितलं, "छत्री शोध हं. उतरल्या उतरल्या छत्री शोध."

गाडी दुपारी पोचली. मी छत्री शोधली. फलाट हळूहळू रिकामा होत गेला, जसा भात उपसल्यावर पातेल्याचा तळ दिसायला लागतो तसा. झाडूवाला माझ्या ट्रंकेभोवतीचा कचरा काढून गेला. ढमी रडली, तिला पदराआड घेतलं, ती झोपली, परत उठली. फोन लागत नव्हता. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. प्रत्येक गाडीला कुणी ना कुणी कुणाला तरी घ्यायला आलेलं होतं. दिवे लागायच्या सुमाराला तो आला, ढोपरापर्यंत चिखल, पायात कामावरचेच बूट. गाळ उपसायची साखळी तुटली होती, बोट मधोमध अडकली होती, तिथं फोनला रेंज नव्हती. खरंच होतं सगळं. त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. मी म्हटलं, "अरे, आत्ताच तर उतरले. गाडीच लेट होती."

त्यानेही ते ऐकून घेतलं. गाड्यांच्या वेळा लिहिलेला फळा त्याच्या डोक्यावरच टांगलेला होता, पण वर बघितलं नाही त्याने.

घरी पोचते न पोचते तोच आत्याचा फोन.

"आला होता ना गं घ्यायला?"

"हो तर. माझ्या आधी येऊन उभा होता."

"छत्री?"

"छत्रीसकट."

"गुणाचं गं बाई माझं जावईबाळ!"

मी फोन ठेवला आणि ट्रंक उघडली.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून बंदराच्या क्रेनची मान दिसते. सकाळी तो गेला की दार लागतं, आणि मग दिवसभरात त्या दाराला कुणी हात लावत नाही. ढमीशी मी बोलते, पण ढमीला अजून 'अं' आणि 'ऊं' याच्या पुढची मतं नाहीत. जिन्यात एक आजी भेटतात. त्या रोज "गरम होतंय" म्हणतात, मी "हो ना" म्हणते, आणि तेवढ्यावर आमची मैत्री थांबलेली. दुकानात मी एकदाच घ्यायचं सामान दोनदा घ्यायला लागले. साबण आज, काडेपेटी उद्या. दुकानदाराला वाटलं असेल, बाई विसराळू आहे.

आत्याला मी रोज सांगायचे, "ये ना गं. चार दिवस तरी ये."

"माझे गुडघे गाडीची पायरी चढतील तर ना! आणि लाँड्री कुणाच्या भरवशावर टाकू? तो इस्त्रीवाला रेशमी साडी सुती साडीसारखी भाजतो." मग एक दिवस तीच म्हणाली, "एक कर. येते मी. पण एका अटीवर. तू राहतेस ना, तेच ते बंदर गं. माझी आजी तिथंच उतरली. जुने कागद असतील बघ कुठंतरी. आजी एकटी आली म्हणजे कुणीतरी सही करून तिला सोडवून नेलं असणार. आजोबांची सही शोध. त्यांच्या हातचं काही म्हणता काही नाही उरलं आमच्याकडे. ना फोटो, ना पत्र. ती सही सापडली की गुडघ्यांना विचारणारसुद्धा नाही मी. रांगत येईन."

आता सांगणारी तिकडे, शोधणारी इकडे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण शेळीला कुरण हवंच होतं.

जुने कागद जकातीच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी खोली उघडते. तिथं जे कारकून आहेत त्यांना मी मनात 'हळूकाका' म्हणते, कारण मी पान उलटायला बोट लावलं की ते आपल्या टेबलावरून, वर न बघता म्हणतात, "हळू." पहिल्या दिवशी ते ढमीकडे बराच वेळ बघत राहिले. भिंतीवरचे नियम त्यांनी पुन्हा वाचून काढले.

"पेन चालणार नाही, पेन्सिल चालेल. पाणी आणायचं नाही. खायचं नाही." मग थांबून म्हणाले, "बाळाबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही."

"मग?"

"मग बसा. पण तिने कागद खाल्ला तर तो 'खायचं नाही'मध्ये येतो."

ढमी मांडीवर आणि कागद टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला, अशी माझी वाचायची पद्धत पडली. मान लांब करून करून जिराफ झाले. पण खरं सांगते, कागदांपेक्षा मला त्या खोलीची ओढ लागली. मंगळवार आला की अंगात जीव यायचा. जगात एक जागा अशी होती की जिथं मी उशिरा पोचले तर कुणीतरी घड्याळाकडे बघत असायचं.

बोटीच्या यादीत पणजी लवकरच सापडली. नाव, वय, 'सोबत तान्हे मूल'. त्या तीन शब्दांवर मी बोट ठेवून बसले. हळूकाका "हळू"सुद्धा म्हणाले नाहीत. आत्याला फोनवर वाचून दाखवलं तर तिने लाँड्रीतल्या गिऱ्हाइकाला थांबवून त्यालाही ते ऐकवलं. "तान्हे मूल म्हणजे आमचे वडील हो! हो, तुमची पँट परवा मिळेल."

पण सही सापडेना. एकट्या आलेल्या बायकांना धक्क्यावरून थेट सोडत नसत. एका शेडमध्ये ठेवत. नात्यातलं कुणी आलं, त्याने सही केली, की बाईला त्याच्या हवाली करत. हे कागद महिन्यामहिन्याच्या गठ्ठ्यांत, ज्याने नेलं त्याच्या नावाने लावलेले होते, जिला नेलं तिच्या नावाने नाही. म्हणून मी पणजोबांच्या नावाने शोधत राहिले. त्यांच्या नावाचे पुरुषभर उंचीचे कागद उपसले, पण एकानेही माझ्या पणजीला नेलं नव्हतं. मंगळवार गेले, शुक्रवार गेले. ढमी उपडी पडायला लागली, मग बसायला लागली.

"सापडली का गं?"

"शोधतेय."

"नीट शोध. आमचे आजोबा काय असे तसे होते का! एखाद्याला घ्यायचं असलं की सकाळच्या गाडीला पहाटे जाऊन बसायचे. गाडी येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. आम्ही हसायचो. आजी म्हणायची, हसू नका, त्यांना जाऊ दे."

शेवटी मी नावं सोडली आणि तारीख धरली. बोट लागली त्या दिवसापासूनचे सगळे कागद, कुणाच्याही नावाचे, एकेक करून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी गत झाली. माझी पणजी पहिल्याच गठ्ठ्यात होती, फक्त मी ज्याच्या नावाने हाका मारत होते तो तिच्याजवळ नव्हता.

कागदावर बोट लागल्याची तारीख होती आणि तिला सोडल्याची तारीख होती. दोन्हींच्या मध्ये अख्खा आठवडा आणि वर थोडं. मधल्या रकान्यात 'नातेवाईक आला नाही' हे एकदाच लिहिलेलं आणि खाली रोज तशीच खूण, कंटाळून कंटाळून तिरकी होत गेलेली. एका बाजूला 'दूध, एक पेला जादा'. आणि तळाशी, कुणाच्या हवाली केलं तिथं, सही नव्हतीच. अंगठा होता. अंगठ्यापुढे लिहिलेलं: 'बहीण. धुणे धुणारी. छत्रीवाली.'

मला आधी आनंदच झाला. धुणेवाली मावशी! माझ्या आजोबांच्या तोंडी सारखी असायची म्हणे ती. आमची लाँड्री तिच्याच घाटावरून सुरू झाली. आत्याच्या हिशोबाने ती पणजीची सख्खी बहीण, आधीच इकडे आलेली. म्हणजे निदान बहीण तरी आली होती.

मग मी गठ्ठ्यातला पुढचा कागद उलटला. दुसऱ्याच बोटीची दुसरीच बाई, दुसऱ्याच मुलखातली. तळाशी तोच अंगठा. मध्ये आडवा चिरलेला, भाजल्याचा नाहीतर कापल्याचा वण असावा. 'बहीण. धुणे धुणारी. छत्रीवाली.' पुढे आणखी एक. मग पुष्कळच. कुणाची ती बहीण, कुणाची नणंद, एका म्हातारीची तर सून. या बाईने बहुधा शेडमधले कपडे धुवायला येता-जाता पाहिलं असेल, कुणाला घ्यायला कुणी आलेलं नाही, आणि मग छत्री उघडून दाराशी उभी राहत असेल, मी हिची बहीण म्हणून. शेडवाल्यांना ते कळत नसेल असं कसं होईल? एका कागदावर तर कारकुनाने 'पुन्हा बहीण' असं लिहिलंय.

माझ्या पणजीला घ्यायला पणजोबा आले नव्हते. छत्री होती, पण त्यांच्या हातात नव्हती.

आणि गोष्ट मात्र ते आले होते अशीच चालत आली. कुणी बदलली ती? मला विचार करावा लागला नाही. माझ्या आधी येऊन उभा होता. छत्रीसकट. पणजीलाही कुणीतरी विचारलंच असणार.

"सापडलं वाटतं," हळूकाका म्हणाले.

"सापडलं."

"मग रडायचं नाही. पाणी चालत नाही इथं."

पेन्सिलीने उतरवून घेतलं आणि घरी आले. आता पंचाईत अशी, की आत्याला खोटं सांगितलं तर ती येणार. "सापडली सही" एवढं म्हणायचा अवकाश, की ती गुडघ्यांना न विचारता गाडीत बसणार, माझ्या या न उघडणाऱ्या दारावर टकटक करणार, ढमीला पायावर घेऊन न्हाऊ घालणार, माझ्या हातचा चहा पांचट झाला म्हणणार. आल्यावर कागद दाखवावाच लागला असता, पण तोवर ती आलेली तर असती. आणि खरं सांगितलं, तर तिच्याकडून मी तिचे आजोबा काढून घेणार, मावशी काढून घेणार, आणि यायचं कारणही काढून घेणार. दोन-तीन फोन मी "खोली बंद होती", "ढमीला सर्दी आहे" असं म्हणून काढले. ढमीला सर्दी नव्हती. पण नंतर झाली. तोंडून वाईट बोलू नये म्हणतात ते खोटं नाही.

नवऱ्याला मात्र कागद दाखवला. तो नुकताच आला होता, दाराशीच बूट काढत बसलेला. त्याने दोनदा वाचलं.

"मग तो कधी आला?"

"कोण?"

"तुझे पणजोबा."

"आले असतील नंतर. पुढे संसार केला म्हणजे आलेच. आत्याने त्यांना पाहिलंय की. कागदात पुढचं नाही. का उशीर झाला तेही नाही. कागदाला 'का' माहीत नसतं."

त्याने काढलेला बूट हातातच धरला. मग म्हणाला, "पोचल्यावर त्याला काय वाटलं असेल? शेड रिकामी." आणि मग खाली बघत, "तू त्या दिवशी ट्रंकेवर बसली होतीस. मी तुला लांबूनच पाहिलं. थोडा वेळ पुढेच येववेना. फळ्यावर गाडीची वेळ लिहिलेली होती. वाचली होती मी."

इतक्या महिन्यांत आम्ही हे बोललो नव्हतो. मी त्याच्या हातातला बूट घेतला आणि ठेवून दिला. एकटेपण गेलं असं नाही म्हणणार. पण त्याला दोन बाजू आहेत हे कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच आत्याला फोन लावला. ढमी झोपली होती. इकडे तिकडे न करता कागद वाचून दाखवला. तारखा, जादा दूध, अंगठा, 'पुन्हा बहीण'. पलीकडे लाँड्रीतल्या वाफेचा फुस्स आवाज येत होता, तो बंद झाला.

"आत्या?"

"आहे."

"चुकीचंही असू शकतं गं."

"अंगठ्यावर वण आडवा आहे म्हणालीस?"

"हो."

"इस्त्रीची कड लागून भाजलं होतं मावशीला. वडील सांगायचे." मला वाटलं ती रडतेय, पण ती रडत नव्हती. तिच्या आवाजावरून वाटलं, ती जुने कपडे झटकून त्यांची नव्याने घडी घालतेय. "म्हणून पाणी प्यायचे नाहीत होय," ती म्हणाली. "म्हणून पहाटे जाऊन बसायचे. आणि आजी म्हणायची, जाऊ दे त्यांना." मग विचारलं, "किती दिवस म्हणालीस बसून होती?"

"आठवडा. वर थोडं."

"तान्हं घेऊन." मग अचानक, "आणि तुला?"

"मला काय?"

"तुला कोण आलं होतं घ्यायला?"

मी म्हटलं, "आत्या, ढमी रडतेय गं, ठेवते."

ढमी गाढ झोपली होती. तिच्या नाकावर घामाचा एक थेंब होता, तेवढाच हलत होता.

संध्याकाळी आत्याचा निरोप आला. तिला निरोप टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे तारेसारखा आखूड. 'शनिवारी येते. दुपारची गाडी. स्टेशनवर येऊ नकोस.'

मी लगेच फोन केला. "येऊ नकोस म्हणजे?"

"म्हणजे येऊ नकोस. तान्हं लेकरू घेऊन कशाला धडपडायचं? मी विचारत विचारत येईन घरी."

"आपल्या घरात असं कधी झालंय?"

"आता कळलंय ना, झालंय ते," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

मला ते लागलं. पुढचे दिवस मी तेच चघळत बसले. रागावली. तिची गोष्ट मोडली मी, म्हणून तिने नियमच मोडून माझ्या हातात दिला. ती येते आहे याचा आनंद करायचा की ती अशी येते आहे याचं वाईट वाटून घ्यायचं, तेही ठरेना. चादरी धुतल्या, इस्त्री केल्या. तिला आवडणार नाहीतच, म्हणून पुन्हा केल्या. शनिवारी नवऱ्याला रजा मिळाली नाही. "मी साहेबांना पुन्हा विचारतो," म्हणाला. मी म्हटलं, "नको. हे माझं आहे."

नियम म्हणजे नियम. ती काहीही म्हणो. मी ढमीला छातीशी बांधलं, कपाटावरची छत्री काढली आणि गाडीच्या कितीतरी आधी निघाले. जिन्यापर्यंत ओल्या कपड्यांसारखं गरम आणि जड वारं येत होतं. जिन्यातल्या आजी म्हणाल्या, "गरम होतंय." मी म्हटलं, "हो ना. माझी आत्या येतेय." त्या थांबल्या. "अगंबाई! कुठून?" त्या गावात माझ्या तोंडून निघालेलं पहिलं जास्तीचं वाक्य होतं ते.

स्टेशनच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात एकच होतं, की त्याच जागी जाऊन उभं राहायचं, जिथं माझी ट्रंक होती. आणि छत्री उघडायची, हमाल हसोत की आणखी कुणी हसो.

दारातून आत पाऊल टाकलं आणि हमाल हसतच होते. पण माझ्याकडे बघून नाही.

फलाटाच्या दाराशी, त्या भल्यामोठ्या छपराखाली, एक काळी छत्री उघडी होती. ती फलाटाकडे तोंड करून नव्हती. रस्त्याकडे होती, शहराकडे, माझ्याकडे. छत्रीखाली आत्या. पायाशी पिशवी, एका हाताने गुडघा चोळत, मान उंच करून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. दुपारच्या गाडीला अजून बराच वेळ होता. ती सकाळच्याच गाडीने येऊन उभी होती. मी ऐकणार नाही आणि येणारच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मला बघून तिने छत्री एकदा वर उचलली, आम्ही उचलतो तशी, लांबून दिसावी म्हणून. मी लांब नव्हते. तरी उचलली.

मी तिच्याजवळ पोचेपर्यंत हातातली छत्री कधी खाली पडली कळलंच नाही. आत्याने आधी ढमीच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या. तिच्या हाताला गरम सुती कापडाचा वास होता.

"उशीर झाला गं मला," ती म्हणाली. "गाडीच लेट होती."